स्पर्धेतली प्रथमोपचाराची तालीम विसर्जन घाटावर कामी येते का?

प्रश्न | घाट_स्वयंसेवक
कारखान्यांच्या प्रथमोपचार स्पर्धेसाठी आमच्या चौघांच्या संघाची दरवर्षी जानेवारीपर्यंत तीन महिने तालीम चालते. त्रिकोणी पट्ट्या, खपच्या, स्ट्रेचर ड्रिल, तोंडी परीक्षा, सगळं होतं. अनंत चतुर्दशीला घाटावर हेच चौघे असतात. स्पर्धा जिंकणारा संघ बुडालेल्या माणसापाशी किंवा काचेने फाटलेल्या मांडीपाशी खरंच चांगलं काम करतो का? की हे तास दुसरीकडे लावावेत?

जुना_पंच
स्पर्धा सोडू नका. कोणी काय करायचं हे आधीच ठरलेलं असतं, न बघता पट्टी बांधता येते, नायकाचं ऐकायची सवय लागते. हे सगळं घाटावर उपयोगी पडतं.

घोळ आहे गुणांच्या पद्धतीत. 'जागा सुरक्षित, हातमोजे घातले' एवढं मोठ्याने म्हटलं की गुण मिळतात, म्हणून मुलं बोलायला शिकतात आणि मोजे खिशातच राहतात. हृदय बंद पडल्यावर देतात त्या छातीदाबाचं (सीपीआर) तर त्याहून वाईट. रुग्ण जिवंत स्वयंसेवक असतो, त्यामुळे कोपरं वाकवून वरवर दाबल्यासारखं करतात. तीन महिने हात तेच शिकले, तर गरज पडेल तेव्हाही तेच करणार. उपाय सोपा आहे: 'श्वास नाही' म्हणताच रुग्ण उठतो आणि त्याच जागी मॅनिकिन, म्हणजे सरावाचा पुतळा, येतो. खोली 5 ते 6 सेंमी, वेग मिनिटाला 100 ते 120, प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्यायची. दर दोन मिनिटांनी माणूस बदला, कारण दाब हलका पडू लागलाय हे दमलेल्याला स्वतःला कळत नाही.

आणि 'श्वास नाही' हे सांगायला घाटावर पंच नसतो. हृदय बंद पडल्यावरही काही जण थोडा वेळ घोरल्यासारखे आचके देतात. संघ तोच श्वास समजून थांबला तर मोलाची मिनिटं जातात. आचक्यांचे व्हिडिओ दाखवून 10 सेकंदांत निर्णय घ्यायला लावा.

रात्रपाळी_परिचारिका
बुडालेल्याचा क्रम वेगळा असतो आणि स्पर्धेत तो क्वचितच विचारतात. इथे मूळ अडचण ऑक्सिजनची असते, म्हणून आधी तोंडाने श्वास द्यायचे आणि मग 30 दाबांना 2 श्वास. नुसते दाब देत राहणं इथे पुरत नाही.

पोट दाबून पाणी काढायचं नाही. भोवतीची माणसं हमखास तेच सांगतील, त्यांना ठामपणे थांबवायचं. पोट दाबलं की उलटी होऊन ती फुफ्फुसात जाते. तोंडाला फेस येत राहतो, तो पुसत बसू नका. उलटी झालीच तर कुशीवर वळवा, बोटाने तोंड साफ करा, लगेच पाठीवर घेऊन पुन्हा सुरू. हे वळवणं तालमीत मुद्दाम मध्येच घाला, कारण तिथेच संघाची लय तुटते.

खाण_बचाव
रक्तस्रावाला स्पर्धेत नीटनेटक्या गाठीचे गुण मिळतात. मांडीतून धार लागली असेल तर तिथे दाब लागतो, गाठ नंतर. सराव घरीच करता येतो. जाड फोमला चार-पाच सेंमीची खोल चीर द्या, तळाशी सलाईनच्या सेटची नळी सोडा, लाल रंगाचं लिटरभर पाणी उंच टांगा. गॉज (जखमेचं जाळीदार कापड) बोटाने थेट तळापर्यंत भरत न्यायचं आणि वरून दोन्ही हातांनी दाबायचं. वरवर गुंडाळलेल्या पट्टीखालून पाणी वाहतच राहतं, हे एकदा बघितलं की पोरं विसरत नाहीत. साधं गॉज असेल तर सलग 10 मिनिटं दाबा, मध्ये उचलून बघू नका.

तरीही थांबलं नाही तर टूर्निके, म्हणजे रक्त थांबवायला आवळून बांधायचा पट्टा, जखमेच्या 5 ते 7 सेंमी वर, पण गुडघ्याच्या सांध्यावरच कधी नाही. बांधल्याची वेळ लिहा. त्रिकोणी पट्टीचा करायचा तर रुंद घडी घालून मजबूत काठीने पिळा. पेन मोडतं.

घाट_स्वयंसेवक
स्ट्रेचर ड्रिल कमी करून हे सगळं बसवू का?

जुना_पंच
हो, मैदानावरची ती कवायत निम्म्यावर आणा.

खाण_बचाव
इथे माझं मत वेगळं आहे. कमी करू नका, जागा बदला. घाटाच्या ओल्या पायऱ्यांवर करा. वर नेताना डोकं पुढे, खालच्या दोघांनी दांडे उंच धरायचे. पण छातीदाब चालू असेल तर उचलायचंच नाही, सपाट टप्प्यावर तिथेच करा.

शेवटचा अर्धा तास न सांगता प्रसंग द्या. स्पीकरवर ढोल-ताशा लावा, नायकाचा आवाज ऐकू येणार नाही, हाताच्या खुणा ठरवाव्या लागतील. मध्येच नायकालाच बाजूला काढा. तीन गोष्टींना किती वेळ लागला ते घड्याळावर मोजा: 108 ला फोन, पहिला श्वास किंवा दाब, जखमेवर पहिला हात. फोनवर 'घाटावर या' पुरत नाही. घाटाचं नाव, गाडी आत येईल तो रस्ता आणि वळणावर उभा राहणारा माणूस आधीच ठरवा.

रात्रपाळी_परिचारिका
जानेवारीनंतर थेट सप्टेंबर नको. छातीदाबाचं कौशल्य तीन ते सहा महिन्यांत घसरतं. जूनपासून महिन्यातून एकदा मॅनिकिनवर प्रत्येकी दोन मिनिटं दिली तरी फरक पडेल, आणि त्यात विसर्जनाच्या आठवडाभर आधीची एक तालीम घाटावरच घ्या.