‘अप’ म्हणजे वर, मग पुण्याची गाडी ‘डाउन’ कशी?

कळव्याची_आई: मुलगी सातवीत, मराठी शाळेत. घाट चढून पुण्याला जाणारी गाडी ‘डाउन’ का, असं तिने ठाणे स्टेशनवर विचारलं. घरी आल्यावर पुढचा प्रश्न: ‘ईट अप’मध्ये काय वर जातं? नुसतं पाठ कर म्हणवत नाही. कुणी नीट सांगाल?

खारीगावकर: सीएसएमटीकडे जाते ती अप, कल्याणकडे जाते ती डाउन. सकाळी बसायला मिळावं म्हणून लोक ‘डाउन करून’ येतात, म्हणजे आधी उलट दिशेने मागे जाऊन तिथून जागा पकडून येतात. एवढंच ठाऊक.

नौपाडा_शिकवणी: ताई, फार चांगला प्रश्न आहे, तो दाबू नका. रेल्वेतलं अप-डाउन ब्रिटिशांकडून आलं. त्यांच्याकडे लंडनला जाते ती अप. स्कॉटलंडहून नकाशात खाली उतरत आली तरी अपच. मुख्य ठिकाण ते ‘वर’. म्हणून बोर घाट चढणारी डेक्कन क्वीन डाउन आणि घाट उतरून मुंबईला येणारी अप. आपणही ‘तक्रार वरपर्यंत गेली’ म्हणतोच, तिथे कोण जिना चढतं? ऑक्सफर्डला शिकायला जाणं तेही ‘गो अप’, आणि तिथून काढून टाकलं की ‘सेंट डाउन’.

‘ईट अप’मधला अप दिशेचा नाहीच, तो काम पुरतं संपवण्याचा. ‘खा’ आणि ‘खाऊन टाक’ यांत जो फरक, तोच इथे. ‘टिअर अप’ म्हणजे फाडून टाक, ‘यूझ अप’ म्हणजे वापरून संपव. शिकवणीत मी मुलांना आधी ‘टाकणे’ लावून बघायला सांगते. सगळीकडे नाही जमत. ‘गिव्ह अप’ला ‘सोडून दे’ लागतं, आणि ‘स्टँड अप’मध्ये माणूस खरंच वर उठतो. पण मुलांना मराठी येतं, त्याचा काही उपयोग न करता या क्रियापदांच्या पानभर याद्या घोकायला देतात, याचा मला मनापासून राग येतो.

घणसोली_सेक्टर: मॅडम, मग ‘बर्न अप’ आणि ‘बर्न डाउन’? दोन्हींत जळूनच जातं ना?

नौपाडा_शिकवणी: जळतं दोन्हींत. ‘बर्न डाउन’ घराला, गोदामाला म्हणतात: उभं होतं ते जळून जमीनदोस्त झालं. ‘बर्न अप’ कागदाला, इंधनाला: होतं तेवढं जळून संपलं. इमारत ‘बर्न अप’ झाली असं कुणी लिहिलं तर मी ‘डाउन’ करून देते.

कळव्याची_आई: तिला वाचून दाखवलं. आता विचारते, ‘शट अप’मध्ये काय संपतं?

नौपाडा_शिकवणी: तोंड पूर्ण बंद होतं! पण उद्धट शब्द आहे तो, हे आधी सांगा तिला.