खुब्यातील कूर्चेची झीज: सांधा न बदलता उपाय आहे का?

प्रश्न: माझ्या खुब्यातील कूर्चा (सांध्यात हाडांच्या टोकांवर असणारा गुळगुळीत थर) एका जागी हाडापर्यंत झिजल्याचे एमआरआयमध्ये दिसले असून, मोजे घालायला वाकले की जांघेत कळ येते. वय ३८ आहे. सांधा वाचवता येईल का?

उत्तर: झीज लहान भागापुरती असेल, तर दुर्बिणीतून मायक्रोफ्रॅक्चर करतात; उघड्या हाडाला बारीक छिद्रे पाडल्यावर मज्जेतील रक्त तेथे गोठते आणि त्यातून तंतुमय कूर्चा तयार होते, मात्र ती मूळ कूर्चेइतकी टिकाऊ नसते.

उत्तर: माझी हीच शस्त्रक्रिया झाली. सहा आठवडे कुबड्या घेऊन पाऊल जमिनीला जेमतेम टेकवायचे होते, आणि खरी कसोटी तीच होती. सांध्यात कूर्चेवर घासणारा हाडाचा उंचवटाही त्याच वेळी तासला.

उत्तर: आधी एक्स-रे नीट पाहून घ्या. सांध्यातील दोन हाडांमधले अंतर २ मिलिमीटरपेक्षा कमी उरले असल्यास दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेचा लाभ सहसा टिकत नाही. मग सांधेरोपणाचाच विचार करावा लागतो.