गावात बातमी आता कशी येते? विदर्भातले अनुभव सांगा

पूर्वी कोतवाल दवंडी द्यायचा आणि पारावर एकच पेपर पाच-सहा जणांत फिरायचा. 2016 मध्ये जिओचं स्वस्त इंटरनेट आलं, आणि आमच्या खेड्यांत पेपरच्या आधी फोनवर बातमी येऊ लागली. या बदलात तुम्ही स्वतः जे पाहिलं, सोसलं ते लिहा. ऐकीव नको. बोलीत लिहिलं तरी चालेल. गाव सांगायचं नसेल तर तालुका पुरे.

वार्ताहर, पुसद तालुका

मी सुरुवात केली तेव्हा बातमी कागदावर लिहून, पाकिटात घालून यवतमाळच्या एसटीत कंडक्टरजवळ द्यावी लागे. स्टँडवर ऑफिसचा माणूस पाकीट घ्यायला उभा असे. पुढे फॅक्स आला, मग ईमेल, आता व्हॉट्सॲप. वेग वाढला त्याचं मला दुःख नाही. मधला माणूस गेला, याचं आहे. रात्री उपसंपादकाचा फोन यायचा: सरपंचाचं म्हणणं घेतलं का? हा आकडा कोणी दिला? मयताचं वय कुठून आणलं? तेव्हा राग यायचा, पण पत्रकारिता मी त्या फोनवरच शिकलो. आज तालुक्यात बूम (चॅनलचा माइक) घेऊन फिरणारी पोरं आहेत, काही तर फार धडपडी आहेत. त्यांना असं विचारणारं कोणी नाही.

पैशाचंही सांगतो. तालुक्याच्या वार्ताहराला पगार असा नसतोच, जाहिरातीचं कमिशन हीच कमाई. 15 ऑगस्ट, 26 जानेवारी, नेत्याचा वाढदिवस. ज्याच्याकडून शुभेच्छांची जाहिरात घ्यायची त्याच्याविरुद्ध लिहायचं कसं, हा पेच आमच्याही वेळी होता. एकट्यानं चॅनल चालवणाऱ्याला तो जास्त छळतो, कारण त्याच्या पाठीशी ऑफिसच नाही.

कास्तकार, मूर्तिजापूर तालुका

भाऊ, आमच्या ग्रुपवर रोज सकाळी सोयाबीनचा भाव येते. बाजार समितीच्या पत्रकात भाव तीन असतात: किमान, कमाल अन् सर्वसाधारण. ग्रुपवर येते फक्त कमाल. तो एखाद्या चांगल्या ढिगाले भेटलेला असते, अन् आपन त्याच्या भरोशावर गाडी भरून निंगतो. म्हून मी आता पोराले सांगतलं, सर्वसाधारण भाव पाय अन् मंगच गाडी ठरव.

दुसरी गोष्ट याच्याहून मोठी हाय. 2024-25 च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलले 4892 रुपये होता, बाजारात त्याच्याहून कमी भेटे. नोव्हेंबरात केंद्रानं हमीभावाच्या खरेदीसाठी ओलाव्याची अट 12 टक्क्यावरून 15 टक्के केली. बातमी खरी होती, कामाची होती. पन गावात लोकायले ती अफवाच वाटली, कारन त्याच्या आंधी कर्जमाफीचे खोटे मेसेज येऊन गेलते. पोरानं सरकारी पत्र छापून ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लावलं, तवा कुठं लोकायनं मानलं. खोट्या मेसेजनं असं नुकसान होते, खरं सांगनाराचंही कोनी ऐकत नाई.

आशा सेविका, चिखली तालुका

1 जुलै 2018 ला धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला पोरं पळवणारे समजून जमावानं पाच जणांना मारून टाकलं. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची, भिक्षा मागून जगणारी माणसं होती ती. तसेच मेसेज आमच्याकडेही फिरत होते. आमच्या गावात दरवर्षी येणारी डवरी मंडळी त्या पावसाळ्यात शिवेच्या आत यायलाच तयार नव्हती. पोलीस पाटलांसोबत मी त्यांच्या पालावर गेले. त्यांच्या लेकरांना डोस द्यायचे होते. माझ्या अंगावर आशाचा गणवेश असूनही एक बाई लेकराला पोटाशी घट्ट धरून बसली होती.

नंतर व्हॉट्सॲप कंपनीनं भारतात एका वेळी पाचच ठिकाणी मेसेज पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली. बरं झालं. पण आमच्या एका ग्रुपात निम्मं गाव आहे. पाच ग्रुप म्हणजे तेव्हा पाच गावं व्हायची.

तरुण, सिंदेवाही तालुका

वाघाचा व्हिडिओ आला की आम्ही आधी झाडं पाहतो. मोहफुलांच्या दिवसांत आमचं सागाचं रान उघडं असतं. व्हिडिओत हिरवंगार गवत दिसलं तर तो पावसाळ्यातला किंवा दुसरीकडचा. ज्यांना हे पाहता येत नाही ते घाबरतात, आणि चार वेळा घाबरून झालं की पाचव्या वेळी खऱ्या सूचनेकडेही लक्ष देत नाहीत.

आमचे वनरक्षक आवाजात मेसेज पाठवतात: नाल्याकडे पगमार्क (वाघाच्या पावलांचे ठसे) दिसले, उद्या तिकडे मोहा वेचायला जाऊ नका. लिहिलेलं वाचता न येणाऱ्या बायांनाही तो कळतो. या एका सोयीसाठी मी फोनचा ऋणी आहे.

धानोरा तालुका, गडचिरोली

बातम्यांत आमची गोंडी कुठं नसते. पण सोयरे छत्तीसगडात, म्हणून सीजीनेट स्वरा माहीत झालं. 2010 पासूनचं आहे. साध्या फोनवरून आपल्या भाषेत बोलून ठेवायचं, तपासणारे तपासतात, मग ते इतरांना फोनवर ऐकता येतं. इंटरनेट लागत नाही. आमच्या बाजूलाही असं काही हवं.

राळेगाव तालुका

आमचे मालक गेले त्या दिवशी अंगणात मोबाईल धरून माणसं उभी होती. मला कोणी विचारलं नाही. पेपरातलं दुसऱ्या दिवशी रद्दीत जायचं, हे जात नाही. मी रडते आहे, पोरगा मागं उभा आहे, ते आजही कोणीही पाहू शकते. वर्गातल्या पोरांनी त्यालाच दाखवलं. कर्ज किती, सावकाराचं किती, हे त्या दिवशी कोणी विचारलं नाही.

बातमी येऊ नये असं मी म्हणत नाही. पुढं एक बातमीदार आले, फोन खिशात ठेवून बसले, कागद मागून पाहिले. शेतकरी आत्महत्येनंतर मिळणाऱ्या एक लाखाच्या मदतीसाठी आमचं प्रकरण अपात्र कसं ठरवलं ते त्यांनी लिहिलं. ते मला हवं होतं.

यूट्यूब चॅनल चालवतो, घाटंजी तालुका

पुसदच्या काकांचं खरं आहे, बातमी टाकण्याआधी मला कोणीच विचारत नाही. आमच्या रस्त्याचा व्हिडिओ टाकल्यावर खड्डे बुजले, म्हणून हे काम सोडणार नाही.

राळेगावच्या ताई, आत्महत्येच्या बातम्यांबाबत प्रेस कौन्सिलची 2019 ची मार्गदर्शक तत्त्वं आहेत, पण आमच्यासारख्यांपर्यंत ती कोणी आणली नाहीत. तुमचा व्हिडिओ मात्र हटवण्याची मागणी करता येते. चेहरा ओळखू येत असेल तर यूट्यूबकडे गोपनीयतेची तक्रार द्यायची, त्यात व्हिडिओची लिंक आणि तुम्ही व पोरगा कितव्या मिनिटाला दिसता ते लिहायचं. आधी ते चॅनलवाल्याला काढायची संधी देतात, मग स्वतः पाहतात. लिंक तेवढी कोणाकडून मिळवा. फॉर्म तुमच्यासोबत बसून भरतो.