मदत हवी आहे : आरसीसीबीचा पहिला ट्रिप टाइम ग्राह्य धरावा की नंतरचा?

नमस्कार. यवतमाळ जिल्ह्यातील एका दालमिलमध्ये ३० मिलिअँपिअरच्या साध्या, म्हणजे मुद्दाम विलंब न ठेवलेल्या आरसीसीबीची (गळतीचा प्रवाह ओळखून वीज तोडणाऱ्या स्विचची) टेस्टरने तपासणी केली असता जे आकडे मिळाले, त्यांचा अर्थ लावण्यासाठी जाणकारांचे मार्गदर्शन हवे आहे.

लोडकडील वायर आधीच सोडवल्या असल्यामुळे मोटारींची गळती चाचणीच्या प्रवाहात मिसळण्याचा प्रश्न नव्हता. १५ मिलिअँपिअरला आरसीसीबी पडली नाही, म्हणजे तिने वीज तोडली नाही, ते योग्यच. ३० मिलिअँपिअरला मात्र वीज तोडायला (हाच ट्रिप टाइम) पहिल्या वेळी २७४ मिलिसेकंद लागले आणि लगेच पुन्हा मोजल्यावर केवळ ३८. शून्य आणि १८० अंशांवरील (म्हणजे एसी लहरीच्या धन आणि ऋण अर्ध्या भागापासून चाचणी सुरू केल्यावरचे) नंतरचे आकडेही जवळपास तेवढेच आले. १५० मिलिअँपिअरला २२ मिलिसेकंद लागले. कमाल मर्यादा अनुक्रमे ३०० आणि ४० मिलिसेकंद असल्याने कागदोपत्री सर्व ठीक दिसते.

तरीही मला पहिला आकडा खटकतो, कारण प्रत्यक्ष कुणाला शॉक लागेल तेव्हा कित्येक महिने न हललेली यंत्रणाच काम करणार आहे, आणि मिलमधील डाळीची धूळ (ती बंद बोर्डातही शिरते) तिला आणखी जड करत असावी. अहवालात पहिला आकडा लिहावा की दोन्ही? टेस्ट बटण वेळ मोजून झाल्यावरच दाबावे का? मर्यादेत असूनही एवढी तफावत दाखवणारी आरसीसीबी आपण बदलली असती, की बटण नियमित दाबण्याची सूचना देऊन ठेवली असती?