हवामान धोरणाचं बिल कोण भरतंय? कोळशावरच्या सेसचा हिशेब मांडून बघू

हिशेबनीस

आधीच सांगतो. पृथ्वी तापते आहे आणि त्यात माणसाने जाळलेल्या कोळशा-तेलाचा मोठा वाटा आहे, याबद्दल मला शंका नाही. त्यावर वाद घालायला हा धागा काढलेला नाही. माझी शंका हवामानाच्या नावाने होणाऱ्या वसुलीबद्दल आहे.

आपल्याकडचंच उदाहरण घेऊ. २०१० च्या अर्थसंकल्पात प्रणव मुखर्जींनी कोळशावर टनामागे ५० रुपयांचा स्वच्छ ऊर्जा उपकर (म्हणजे सेस) जाहीर केला. त्या पैशातून राष्ट्रीय स्वच्छ ऊर्जा निधी उभा राहणार होता. २०१४ मध्ये उपकर १०० रुपये झाला, २०१५ मध्ये २००, २०१६ मध्ये ४००. सहा वर्षांत आठपट. सत्तेत पक्ष बदलला, पण उपकर गेला नाही, उलट वाढला.

२०१०-११ ते २०१७-१८ या काळात सुमारे ८६ हजार कोटी रुपये जमा झाले. त्यातले निधीकडे वळले २९ हजार कोटींच्या आसपास. प्रत्यक्ष प्रकल्पांना मिळाले साधारण १६ हजार कोटी. म्हणजे स्वच्छ ऊर्जेसाठी म्हणून घेतलेल्या प्रत्येक १०० रुपयांतले १८-१९ रुपये त्या कामाला लागले. १ जुलै २०१७ ला जीएसटी आल्यावर तर पाटीच बदलली. तेच ४०० रुपये आता जीएसटी भरपाई उपकर म्हणून घेतले जाऊ लागले आणि स्वच्छ ऊर्जेशी त्यांचा संबंध कागदावरही उरला नाही.

हे पैसे कुणी भरले? एक युनिट वीज तयार करायला साधारण ६५० ते ७०० ग्रॅम कोळसा लागतो. टनाला ४०० रुपये म्हणजे युनिटमागे २६ ते २८ पैसे, गळती धरली तर ३० च्या आसपास. महिन्याला १०० युनिट वापरणाऱ्या घरावर २५-३० रुपये. रक्कम छोटी आहे, मान्य. पण वीजबिलावर स्थिर आकार दिसतो, वहन आकार दिसतो, इंधन समायोजन आकार दिसतो, हा उपकर मात्र कधीच दिसला नाही. तो ऊर्जेच्या दरात मुरलेला असायचा. जो दिसत नाही त्याचा जाब कुणी विचारत नाही, म्हणून तर तो इतक्या सहज आठपट झाला.

जगाच्या पातळीवरही तेच. २००९ मध्ये कोपनहेगनच्या हवामान परिषदेत श्रीमंत देशांनी गरीब देशांसाठी कबूल केलं होतं की २०२० पर्यंत वर्षाला १०० अब्ज डॉलर उभे करू. तो आकडा गाठला गेला २०२२ मध्ये, तोही मोठ्या प्रमाणात कर्जाच्या रूपात. २०२४ मध्ये बाकूच्या परिषदेत विकसनशील देशांनी वर्षाला १.३ लाख कोटी डॉलरची गरज मांडली आणि पदरात पडलं वर्षाला ३०० अब्जांचं आश्वासन, तेही २०३५ पर्यंत. भारताच्या प्रतिनिधीने तिथेच सभागृहात त्याला विरोध नोंदवला.

जुने पैसे सांगितलेल्या कामाला लागले हे जोवर कुणी दाखवत नाही, तोवर हवामानाच्या नावाने येणाऱ्या प्रत्येक नव्या करा-अधिभाराला मी विरोध करणार. उलट मत असेल तर जरूर मांडा, पण आकड्यांसह.

उन्हाळी

आकड्यांसह मांडते. २०१० च्या सुमारास केंद्रीय वीज नियामक आयोगाने सौर विजेचा दर युनिटला जवळजवळ १८ रुपये धरला होता. मे २०१७ मध्ये राजस्थानात भाडला इथे बोली लागली २ रुपये ४४ पैशांची. डिसेंबर २०२० मध्ये गुजरातच्या लिलावात दर २ रुपयांच्याही खाली आला. चीनमधल्या पॅनेलची घसरलेली किंमत हे त्याचं मोठं कारण आहे, पण सुरुवातीच्या महाग वर्षांत इथे कुणी वीज विकतच घेतली नसती तर उद्योग उभा राहिला नसता. धोरणाचा खर्च मोजताना या कमाईचा रकानाही ठेवा.

आणि काही न करण्याचा खर्च? तोही बिलावर दिसत नाही. १६ एप्रिल २०२३ ला खारघरच्या भर उन्हातल्या कार्यक्रमात १४ माणसं गेली. आयोजनात चुका झाल्या, हे खरंच. पण स्लॅबवर काम करणाऱ्या मजुराला, रस्ता झाडणाऱ्या बाईला, शेंगा तोडणाऱ्या हातांना रोज तेच ऊन असतं आणि त्यांचं आयोजन कुणी करत नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये मराठवाड्यात जमिनी खरडून गेल्या, विहिरी गाळाने बुजल्या. सरकारला ३१ हजार कोटींहून मोठं पॅकेज जाहीर करावं लागलं. ते पैसे कुठून आले? तुमच्या-माझ्याच करातून. त्याला हवामान उपकर म्हणत नाहीत, एवढाच फरक.

हिशेबनीस

@उन्हाळी, मराठवाड्याचा सगळा पूर हवामान बदलाच्या खात्यावर टाकता येणार नाही. नदीपात्रातली अतिक्रमणं, ओढे बुजवून केलेली प्लॉटिंग, धरणांतून एकदम सोडलेलं पाणी, यांचा वाटा कोण मोजणार? सगळं हवामानावर ढकललं की स्थानिक अधिकारी आणि पुढारी मोकळे सुटतात. माझ्या मते हाच हवामानाच्या राजकारणाचा सर्वांत घातक भाग आहे.

दुसरं, आजवर हवेत गेलेल्या कार्बनमध्ये अमेरिकेचा वाटा जवळपास चौथा हिस्सा आहे, भारताचा ३-४ टक्के. जालन्यातल्या ग्राहकाने युनिटला ३० पैसे जास्त भरल्याने पुढचा पूर टळतो, असं कोणतं शास्त्र सांगतं?

लेखापाल

हिशेबनीस, आकडे बरोबर आहेत, निष्कर्ष थोडा घाईचा आहे. उपकराचा पैसा आधी भारताच्या संचित निधीत, म्हणजे केंद्राच्या मुख्य खजिन्यात जातो आणि संसदेने मंजुरी दिल्यावरच विशिष्ट निधीत येतो. त्यामुळे 'वसूल झाला पण वळला नाही' हे बहुतेक सगळ्या उपकरांचं दुखणं आहे. इथे हवामान धोरणाला वेगळं दोषी धरण्यात अर्थ नाही, दोष अर्थ खात्याच्या सवयीचा आहे.

२०१७ नंतरचं चित्र तर अजून गुंतागुंतीचं. जीएसटीमुळे राज्यांचा महसूल बुडाला, त्याची भरपाई या उपकरातून झाली. करोनाच्या दोन वर्षांत केंद्राने राज्यांसाठी सुमारे २.६९ लाख कोटींचं कर्ज उचललं, त्याची फेडही यातूनच. भरपाई सर्वाधिक मिळालेल्या राज्यांत महाराष्ट्र आहे. म्हणजे हा पैसा इथल्याच पगारांत, रुग्णालयांत आला. हेतू बदलला हे नक्की, पण पैसा वाया गेला असं म्हणता येणार नाही.

अजून एक. टनभर भारतीय कोळशातून साधारण दीड टन कार्बन डायऑक्साइड निघतो. ४०० रुपये म्हणजे टन कार्बनला पावणेतीनशेच्या आत, तीन-चार डॉलर. युरोपात हाच दर ६०-८० युरोच्या घरात असतो. याला जाचक हवामान कर म्हणणं मला पटत नाही.

चंद्रपूरचा_एक

तुमच्या सगळ्यांच्या हिशेबात आम्ही कुठेच नाही.

२९२० मेगावॅटचं औष्णिक वीज केंद्र आमच्या उशाशी आहे. खाणी आहेत, राख आहे, मे महिन्यात ४६-४७ अंश आहेत. वीज मुंबई-पुण्याला जाते. उपकर दिल्लीला गेला, तिथून कर्जाच्या हप्त्यात गेला. गंधकाचा धूर कमी करायची यंत्रं बसवा, असा नियम डिसेंबर २०१५ मध्ये आला, मुदत दोन वर्षांची होती. ती वाढत वाढत गेली आणि जुलै २०२५ मध्ये देशातल्या बहुतेक केंद्रांना त्यातून सूटच मिळाली. दिलेल्या कारणांतलं एक कोणतं? खर्च वाढेल, वीज महागेल.

हिशेबनीस साहेब, तुमचा 'ग्राहकावर बोजा नको' हा मुद्दा वापरूनच आमच्या फुप्फुसांवर बोजा टाकला जातो. राग तुमच्यावर नाही. पण स्वस्त वीज म्हणजे काय, हे एकदा इकडे चंद्रपूरजवळ दुर्गापूरला, घुग्घुसला येऊन बघा.

मोसंबी_बागाईतदार

माझं दुखणं वेगळं आहे. आम्ही साध्या वीज जोडणीचं कोटेशन भरलं, पेड पेंडिंगमध्ये (पैसे भरले, जोडणी बाकी) नाव लागलं, आणि मग सांगण्यात आलं की आता तारेची जोडणी मिळणार नाही, सौर पंप घ्या. योजनेचं नाव 'मागेल त्याला सौर कृषी पंप'. आम्ही मागितला नव्हता.

दहा टक्केच भरायचे, बाकी अनुदान, हे चांगलंच आहे. पण अडीच एकरापर्यंत तीन एचपी, पाच एकरापर्यंत पाच एचपी असं जमिनीच्या मापाने ठरतं. आमच्याकडे पाणी चारशे फुटांवर. तीन एचपीचा पंप तिथून किती पाणी उचलणार? विहीरवाल्याचं भागतं, बोअरवाल्याचं नाही. मृग बहर, म्हणजे जूनचा मोसंबीचा फुलोरा, धरायचा तर जूनमध्ये पाऊस लांबला की पाणी लागतं आणि नेमकं तेव्हाच आभाळ भरलेलं असतं, पण पडत नसतं.

दिवसा पाणी देता येतं हे मात्र सोन्यासारखं. रात्रीच्या थ्री फेजला साप-विंचवात उभं राहून दारं धरलेल्या माणसालाच ते कळेल. म्हणून माझा सौरला विरोध नाही. शेतीपंपांना वीज देणारा फीडरच (वाहिनी) सौरवर घ्या, तार राहू द्या, दिवसा आठ तास वीज द्या.

उन्हाळी

@मोसंबी_बागाईतदार, तुम्ही म्हणता तीच मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आहे. उपकेंद्राजवळ प्रकल्प, जमिनीला एकरी ५० हजार रुपये वार्षिक भाडं, वीज साधारण ३ रुपयांत. तीच वीज औष्णिक केंद्रातून आणली तर कितीतरी महाग पडते आणि तो फरक आज उद्योग आणि घरगुती ग्राहक भरतात. हिशेबनीस, हे हवामान धोरणही आहे आणि बिल कमी करणारं धोरणही. याला तुमचा विरोध आहे?

हिशेबनीस

नाही. याला पाठिंबा आहे, कारण ते स्वतःच्या पायावर स्वस्त पडतं. पण बागाईतदारांनी सांगितलेलं पुन्हा वाचा. वर आकडा गाठायचा असतो, त्यामुळे खाली माणसाची निवड काढून घेतली जाते. जून २०२५ मध्ये देशाची निम्मी स्थापित वीजक्षमता बिगर-जीवाश्म (कोळसा-वायू सोडून) झाली, असं मोठ्या अक्षरांत छापून आलं. प्रत्यक्ष विजेतली तीन चतुर्थांशाच्या आसपास अजून कोळशाचीच आहे आणि २०२४-२५ मध्ये देशाने १०० कोटी टनांवर कोळसा काढला. क्षमतेचा आकडा परिषदेत मिरवायला चांगला असतो, बोअरवर तो कामाचा नाही.

सातपूर_वर्कशॉप

नट-बोल्ट बनवतो, थोडा माल युरोपला जातो. १ जानेवारी २०२६ पासून तिथला सीमेवरचा कार्बन कर खऱ्या अर्थाने लागू झाला. ऑक्टोबर २०२३ पासून नुसती माहिती भरायची होती, तेवढ्यानेच जीव मेटाकुटीला आला. पोलाद कुठलं, भट्टी कुठली, वीज कुठली. आम्ही तार बाजारातून विकत घेतो, पोलाद कोणत्या भट्टीत वितळलं ते आम्हाला कोण सांगणार? वर्षाला ५० टनांच्या आत आयात करणाऱ्याला त्यांनी आता वगळलंय, पण आमचा खरेदीदार त्याहून मोठा आहे.

कर भरायचा तो तिथला आयातदार, पण दर पाडून मागतो आमच्याकडे. आणि जमा होणारा पैसा जातो युरोपच्या तिजोरीत. ज्यांनी दोनशे वर्षं कोळसा जाळला त्यांनी आमच्या बोल्टवर कर घ्यावा, हे मला कुठल्याही बाजूने न्याय्य वाटत नाही.

लेखापाल

सातपूरकर, तुमचा संताप रास्त आहे. पण इथे कोळशावर कार्बनच्या नावाने काही भरलं असेल आणि ते सिद्ध करता आलं, तर तेवढी सूट त्या करात मागता येते. म्हणजे तोच पैसा ब्रसेल्सऐवजी दिल्लीत राहतो. आपण उपकराची पाटी बदलून तो दावा स्वतःच दुबळा केला. २२ सप्टेंबर २०२५ पासून तर तो उपकरच गेला आणि कोळशावरचा जीएसटी ५ वरून १८ टक्के झाला.

ओटावाकर

हिशेबनीस म्हणतात, वसूल केलेला पैसा दाखवा. कॅनडाने तेही केलं. २०१९ पासून इंधनावर कार्बन शुल्क, टनाला २० कॅनेडियन डॉलरपासून सुरू होऊन ८० पर्यंत. त्यातला ९० टक्के पैसा थेट कुटुंबांच्या खात्यात परत. कमी कमाईच्या बहुतेक घरांना भरल्यापेक्षा जास्त मिळत होते. तरीही १ एप्रिल २०२५ ला शुल्क बंद करावं लागलं. पंपावरचा दर डोळ्यांना रोज दिसायचा, खात्यात तीन महिन्यांनी येणारी रक्कम कुणाच्या लक्षात राहायची नाही. विरोधकांनी 'कर काढून टाका' एवढंच म्हटलं आणि तेवढं पुरलं.

तेव्हा पारदर्शकता आली की लोक खूश होतील, हे मला आता पटत नाही.

हिशेबनीस

हा मुद्दा मला आजवरच्या उत्तरांत सर्वांत वजनदार वाटतो. तरी माझं मत बदलत नाही. कॅनडातल्या लोकांनी निदान कर पाहिला, परतावा पाहिला, विरोध केला. निर्णय चुकला असेल, पण तो त्यांच्या दबावाने झाला. फ्रान्समध्ये २०१८ ला डिझेलवरची वाढ लोकांनी रस्त्यावर उतरून थांबवली. आपल्याकडे उपकर आला, आठपट झाला, नाव बदललं, गेला, आणि ग्राहकाला कुठल्याच टप्प्यावर विचारलं गेलं नाही.

आता कार्बन बाजार येतोय, म्हणजे ठरलेल्या मर्यादेपेक्षा कमी कार्बन सोडणाऱ्याने उरलेला हक्क इतरांना विकायचा. पहिल्या टप्प्यात सिमेंट, अ‍ॅल्युमिनियम, कागद असे उद्योग आहेत, वीजनिर्मिती अजून नाही. ती आत येईल तेव्हा खर्च पुन्हा दरातच मुरणार. म्हणून महावितरणच्या पुढच्या दरयाचिकेवर वीज नियामक आयोगापुढे जनसुनावणी होईल तेव्हा मी लेखी हरकत देणार आहे: हवामान किंवा पर्यावरणाच्या नावाने दरात जो पैसा आहे, तो बिलावर वेगळ्या ओळीत दाखवा.

उन्हाळी

द्या. मी उलट बाजूने हरकत देईन. वेगळी ओळ दाखवायचीच असेल तर कोळशाच्या राखेचा, दवाखान्याचा, पुराच्या पॅकेजचा खर्चही दाखवा. एकच ओळ दाखवली तर लोक तीच कापायला सांगतील, कॅनडासारखी.

चंद्रपूरचा_एक

सुनावणी चंद्रपूरला ठेवा अशीही एक हरकत घाला. तुमच्या दोघांच्याही अर्जावर सही करतो.