रमजान आणि बोर्डाचे पेपर : लेकरांनी काय धरावं, काय सोडावं?

खुलताबादकर
यंदाही रोजे आणि दहावी-बारावीचे पेपर एकाच महिन्यात आलेत. चांद्रवर्ष 10-11 दिवसांनी लहान असल्यानं रमजान दरवर्षी मागं सरकतो. 2019 ला तो मे महिन्यात होता, बोर्ड कधीच उरकलेलं असायचं. आता तशी सवड नाही, पुढच्या वर्षीही नसेल.

माझं म्हणणं सरळ आहे. रोजा फर्ज, म्हणजे बंधनकारक आहे, धडधाकट, बालिग (वयात आलेल्या) लेकरानं तो सोडू नये. कात्री लावायचीच तर रात्रीच्या फिरण्याला लावा. तरावीह, म्हणजे रमजानमधली रात्रीची जादा नमाज, उरकून पोरं सिटी चौक, शहागंज करत एक वाजवतात, चारला सहेरीला, म्हणजे रोजाआधीच्या जेवणाला, उठतात आणि फजरच्या (पहाटेच्या) नमाजनंतर दहापर्यंत लोळतात. खरं तर फजरनंतरचे दोन-तीन तास सगळ्यात मोलाचे. पोट भरलेलं, डोकं शांत. तेच झोपेत जातात आणि नाव मात्र रोजाचं होतं. पेपरच्या आदल्या रात्री तरावीह घरीच कुरआनातल्या लहान सूऱ्यांनी (अध्यायांनी) पढली तरी चालते, ती सुन्नत आहे, फर्ज नाही.

औसा रोड
मी लातूरला क्लासमध्ये फिजिक्स शिकवतो. सर, तुमचं वेळापत्रक पटलं, पण ‘रोजा सोडू नये’ हे पटत नाही. पेपर अकराला सुरू होतो, दोनच्या पुढं संपतो. मार्चमधलं आमच्याकडचं ऊन तुम्हाला सांगायला नको. शेवटच्या अर्ध्या तासात गणितं सोडवताना घसा कोरडा पडलेलं लेकरू मी पाहिलंय. कुरआनातच आजारी माणसाला आणि प्रवाशाला सवलत आहे, राहिलेले रोजे नंतर पूर्ण करता येतात. चार-पाच पेपरांचे रोजे ईदनंतर ठेवले तर काय बिघडतं? नापास झालेलं वर्ष कोण भरून देणार?

अंबाजोगाईकर
औसा रोड सर, तुमची कळकळ कळते. पण त्या आयतीत आजारी आणि प्रवासी आहेत, परीक्षार्थी नाहीत. पेपर आहे म्हणून आधीच रोजा न ठेवणं बहुतेक उलेमांना (धर्मपंडितांना) मान्य नाही. सहेरी करा, नियत करा, पेपरला बसा. खरंच चक्कर आली, जीव घाबरा झाला तर रोजा सोडा. त्याची फक्त कजा, म्हणजे बदली एक रोजा. दार बंद केलेलं नाही, पण ते आदल्या रात्रीच उघडून बसायचं नसतं.

आणि खुलताबादकर, तरावीहला इतकं सहज बाजूला काढू नका. वर्षातून एकदाच लेकरू जमातीत उभं राहून पूर्ण कुरआन ऐकतं. बऱ्याच ठिकाणी 5, 6 किंवा 10 दिवसांत पूर्ण कुरआन ऐकवणारी तरावीह असते. पेपर उशिरा असेल तर सुरुवातीलाच तिथं कुरआन ऐकून घ्या, पुढं छोट्या सूऱ्यांची पढा. शेवटच्या दहा दिवसांच्या एतेकाफसाठी, म्हणजे मशिदीत मुक्काम करून इबादत करण्यासाठी, परीक्षेच्या पोराला भरीस घालू नका. मोहल्ल्यातून एक जण बसला तरी सगळ्यांची जबाबदारी उतरते.

जिंतूरची लेक
तुम्ही तिघंही मशिदीत जाणाऱ्या मुलांबद्दल बोलताय. बारावीच्या मुलीचा दिवस बघा. साडेतीनला उठून पोळ्या लाटायच्या, सगळ्यांना उठवायचं, भांडी घासायची. फजरनंतरचे ‘मोलाचे तास’ तिला पेंगत काढावे लागतात. असरच्या (दुपार कलल्यावरच्या) नमाजपासून भजी, चणे, फळं चिरणं, शेजारी ताटं पोचवणं. मगरिब (सूर्यास्ताची नमाज) झाली की रात्रीचा स्वयंपाक. मग इशा (रात्रीची नमाज), तरावीह घरातच, आणि त्यानंतर पुस्तक. तिच्या अभ्यासाला रोजा कुठं आडवा आला? दस्तरखानावरचे सात पदार्थ आडवे आले.

आणखी एक, कुणी बोलत नाही म्हणून बोलते. पाळीच्या दिवसांत रोजाही नाही, नमाजही नाही. तरी भाऊ-अब्बांना कळू नये म्हणून कित्येक मुली दिवसभर पाणीसुद्धा पीत नाहीत. पेपर असला तरी. ही इबादत नव्हे. अशा दिवशी आईनं मुलीला आतल्या खोलीत जेवायला वाढावं, नाहीतर घरात उघड सांगावं.

गोदाकाठ
जिंतूरच्या ताई, दुसरी गोष्ट शंभर टक्के मान्य. पहिलीवर मात्र मला राग आला. मी नांदेडची, शाळेत शिकवते, माझाही रोजाच असतो. मुलीनं हात काढला की ते काम माझ्याच अंगावर येतं. आईनं काय करायचं?

जिंतूरची लेक
बाई, तुमच्या अंगावर का यावं? सहेरीची भांडी भावानं घासावीत, फळं अब्बांनी चिरावीत. पेपर संपेपर्यंत इफ्तारला खजूर, पाणी, एखादं फळ आणि थेट जेवण. पाहुण्यांना ईदला बोलवा. मगरिबनंतरचे दोन तास तुम्हालाही मिळतील.

गोदाकाठ
भावाचं जमेल. पण रमजानमध्ये कुणाला इफ्तारला बोलवू नका, हे मला जमणार नाही. रोजदाराला इफ्तार देण्याचं सवाब (पुण्य) मोठं आहे. मुलीला त्यातून मोकळं करेन, दार बंद करणार नाही.

रूम नंबर सात
मी लातूरला नीटची तयारी करतो, गाव उदगीरकडं. आमच्या मेसवाल्या मावशी रात्रीच सहेरीचा डबा देतात. पोळी कडक होते म्हणून त्या भाकरी आणि दही देतात, वेगळे पैसे घेत नाहीत. औसा रोड सर, पेपरच्या दिवशी रोजा सोडा असं तुम्ही म्हणता. मला उलट भीती वाटते. सवय मोडली की माझं मन लागत नाही. दुपारी जोहरच्या नमाजनंतर वीस मिनिटं पडतो, त्याला कैलुला म्हणतात, आणि चारपर्यंत बायोलॉजी होते. अडचण वेगळीच आहे. क्लासची सायंकाळची टेस्ट सहा ते सात, रोजा सुटतो साडेसहाच्या सुमारास. खिशात खजूर ठेवून ओएमआर (उत्तरांचे गोल रंगवायचा कागद) भरायचा आणि मगरिब हुकवायची. ही गोष्ट आमच्या हातात नाही, तुमच्या हातात आहे.

औसा रोड
बरोबर आहे तुझं. माझ्या बॅचची टेस्ट उद्यापासून साडेसातला घेतो. बाकीच्या सरांशीही बोलतो. पाण्याबद्दलचं माझं मत मात्र तेच आहे. अंबाजोगाईकर, जीव घाबरा झाला हे सोळा वर्षांचं लेकरू वर्गात कुणाला आणि कसं सांगणार? ते घरातूनच आदल्या दिवशी बोलून ठेवा, एवढं तरी पालकांना सांगा.