बाहेरच्या मॉनिटरचा ब्राइटनेस संगणकावरून बदलत नसेल तर

लिनक्सवर डीडीसीयूटिलला (संगणकावरून मॉनिटरच्या सेटिंग्ज बदलणाऱ्या प्रोग्रामला) मॉनिटर सापडतो, परंतु ब्राइटनेस बदलत नाही, ही अडचण मला सांगलीत विश्रामबागेतल्या घरी आली होती. मॉनिटरची ओळख सांगणारी ईडीआयडी माहिती आणि नियंत्रणाचे आदेश केबलमधल्या आय-टू-सी या एकाच संदेशमार्गाने जातात. मात्र हेक्स (सोळा-आधारित) पद्धतीत ईडीआयडीचा पत्ता ५० आणि आदेशांचा ३७ असल्यामुळे ओळख पटली म्हणून आदेश पोहोचतीलच असे नाही. म्हणून मॉनिटरच्या बटणांनी मेनू उघडून डीडीसी/सीआय हा (संगणकाचे आदेश स्वीकारण्याचा) पर्याय चालू आहे का, ते आधी पाहावे. माझ्याकडे तो चालूच होता. दोष निघाला संगणक आणि मॉनिटर यांच्या मधल्या कन्व्हर्टरमध्ये, जो चित्र व ईडीआयडी व्यवस्थित पोहोचवत होता, पण आदेश अडवत होता. थेट डिस्प्लेपोर्ट केबल जोडताच ब्राइटनेसची किंमत (तिचा कोड हेक्समध्ये १०) लगेच वाचता आली. दोन संध्याकाळी मी सेटिंग्ज धुंडाळण्यात घालवल्या, म्हणून आग्रहाने सांगतो की इतर सेटिंग्जच्या आधी केबल आणि कन्व्हर्टर तपासावेत.

सुडो (प्रशासकाच्या अधिकाराने आदेश चालवण्याची सोय) लावल्यावरच आदेश चालत असेल, तर प्रश्न परवानगीचा आहे. आपले वापरकर्ता खाते लिनक्समधल्या आय-टू-सी (i2c) या गटात घालावे. आदेश अधूनमधूनच फसत असेल, तर डीडीसीयूटिलचा स्लीप मल्टिप्लायर (आदेशांमधली थांबण्याची वेळ ठरवणारा आकडा) वाढवून पाहावा.